दोन टप्प्यांचं रॉकेट-ग्लायडर: पहिलं किट हातात घेणाऱ्यांसाठी

किटचा खोका उघडला की पोरं आधी मोटर शोधतात. मोटर खोक्यात नसते. असतात त्या बाल्साच्या चार-पाच पातळ फळ्या, कागदाच्या दोन नळ्या, एक नाक, हातभर दांडी, झिरमिळीची पट्टी आणि घडी घातलेला सूचनांचा कागद. कागद अर्धा वाचून बाजूला पडतो आणि तिसऱ्या रविवारी ग्लायडर ज्वारीच्या धसकटांत नाक खुपसून बसतो. माझे पहिले दोन असेच गेले.

सोलापुरात या नादाचे लोक मोजके. आमच्या गटात इंजिनिअरिंगची दोन मुलं, पूर्व भागातला एक जॉबर, म्हणजे यंत्रमागाचा मिस्त्री, शाळेतल्या एक बाई आणि बाकी सगळी शाळकरी पोरं. दर वर्षी कुणीतरी नवीन येतं आणि तेच प्रश्न विचारतं. ती उत्तरं एकदा लिहून टाकतो.

हे नेमकं असतं काय

खालचा टप्पा म्हणजे बूस्टर. वीतभर नळी, तिला मोठाले पंख, आत एक मोटर. वरचा टप्पा म्हणजे पॉड: आखूड नळी, पुढे नाक, आत दुसरी मोटर. पॉडच्या पोटाला एका आकड्याने ग्लायडर अडकवलेला असतो. बटण दाबलं की बूस्टर पेटतो, सेकंदभरात जळून संपतो आणि संपता संपता वरची मोटर पेटवून मागे गळून पडतो. वरची मोटर उरलेल्याला आणखी उंच नेते. तीही संपली की दोन-तीन सेकंद नुसता धूर निघतो. तेवढ्यात वेग ओसरतो, यान माथ्यावर येतं आणि मोटरच्या पुढच्या तोंडातून एक छोटा बार निघतो. त्या बाराने पॉडचं नाक उडतं, पॉड मागे धक्का खातो, आकड्यातून सुटतो आणि झिरमिळी फडफडवत खाली येतो. ग्लायडर एकटा उरतो आणि तरंगत उतरतो.

ऐकायला सोपं आहे. गोम अशी की रॉकेट सरळ वर जायचं तर त्याचं वजन पुढे लागतं, नाहीतर ते हवेत कोलांट्या मारतं. ग्लायडर तरंगायचा तर तेच वजन मागे, पंखाच्या आसपास लागतं, नाहीतर तो दगडासारखा खाली येतो. गड्ड्याच्या यात्रेत उंच काठीचा नंदीध्वज पेलणारा सगळा वेळ एकच तोल सांभाळतो. इथे एकाच वस्तूला दोन तोल हवेत आणि एकातून दुसऱ्यात तिने आपलं आपण जायचंय, जमिनीपासून शंभरेक मीटर वर, तुमचा हात न लागता. मोटर पुढे, पॉडमध्ये ठेवायची आणि काम झालं की पॉडसकट सोडून द्यायची, ही युक्ती त्यासाठीच. पॉड गेला की तोल आपोआप मागे सरकतो. बांधताना काहीही अडलं, कुठे गोंद जास्त झाला, कुठे माती लावायची, तर स्वतःला एवढंच विचारा: हे वजन वर जाताना हवंय की खाली येताना?

मोटरचं आधी ठरवा

किटवर पैसे घालण्याआधी हा भाग वाचा. या मोटरींच्या आत काळी दारू असते. आपल्याकडे ती स्फोटकांत मोडते: १८८४ चा स्फोटक कायदा, २००८ चे स्फोटके नियम आणि परवान्यांचं काम पाहणारी पेसो ही संस्था, जिचं मुख्यालय नागपुरात आहे. म्हणून परदेशी संकेतस्थळावरून मोटर मागवणं, नातेवाइकाला विमानातून आणायला सांगणं, पुण्याहून इंद्रायणीच्या डब्यात पिशवीत घालून आणणं, यातलं काहीही करायचं नाही. आमच्याकडे मोटरी एका कॉलेजच्या क्लबमार्फत परवानाधारक विक्रेत्याकडून येतात, क्लबच्या सरांच्या ताब्यात राहतात आणि उडवण्याच्या दिवशी मोजून हातात पडतात. तुमच्या ओळखीत असा क्लब नसेल तर आधी तो शोधा. तोवर ग्लायडर रबराच्या गलोलीने उडवता येतो. ते पुढे सांगतो, आणि ते कमी मजेचं नाही.

दिवाळीचे बाण फोडून त्यातली दारू काढायची कल्पना दर वर्षी एकाला तरी सुचते. एकाच्या भुवया जळालेल्या मी पाहिल्यात, आणि तो स्वस्तात सुटला. गंमत म्हणजे हा छंद सुरू झाला तो नेमका हे थांबवण्यासाठीच. १९५४ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, नॉरफोक गावी बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी कागदी कवचाची, फेकून देता येणारी मोटर घालून पहिलं मॉडेल रॉकेट केलं. पोरं घरात नळकांड्यांत दारू ठासून बोटं घालवत होती, त्यावर रॉकेट अभियंते हॅरी स्टाइन यांनी १९५७ मध्ये हाच उपाय बाजारात आणला. दारूला हात लावायचाच नाही, तयार मोटर घालायची. सत्तर वर्षांत हा नियम बदललेला नाही.

मोटरवरचा आकडा वाचायला शिका. ‘बी ६-०’ असं लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण ताकद: ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी म्हणजे ५ पर्यंत, सी म्हणजे १० पर्यंत, दर अक्षराला दुप्पट. मधला आकडा म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे जळून संपल्यानंतर बार निघेपर्यंतचे सेकंद. शून्य असेल तर थांबणं नाही आणि बारही नाही, दारू पुढच्या तोंडापर्यंत जळते आणि आग पुढे फेकते. बूस्टरला हीच शून्याची मोटर लागते. वरच्या टप्प्याला शून्य चालणारच नाही.

घाईत दोन्हींची अदलाबदल होऊ शकते, म्हणून छापलेल्या आकड्यावर न थांबता मोटरच्या पुढच्या तोंडात डोकावून बघा. शून्याच्या मोटरीत काळी दारू उघडी दिसते. विलंबाच्या मोटरीचं तोंड मातीच्या टोपणाने बंद असतं. बूस्टरमध्ये चुकून विलंबाची मोटर गेली, तर वरची मोटर वेळेवर पेटत नाही. पेटलीच तर काही सेकंदांनी, आणि तोपर्यंत यानाचं तोंड आडवं किंवा जमिनीकडे झालेलं असतं. ही चूक एकदाही परवडणारी नाही.

पहिल्या उड्डाणासाठी मी बूस्टरला बी ६-० आणि वर ए ८-३ देतो. किटच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर कागदाचं ऐका. सी आधी मागू नका. उंच गेलेला ग्लायडर दिसतही नाही आणि सापडतही नाही.

आणि एक, खास आपल्या गावासाठी. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. दिवसा तापणं आणि रात्री निवणं असं वारंवार झालं की मोटरीतल्या दारूला तडे जातात किंवा ती कवचापासून सुटते, आणि अशी मोटर पेटताच फुटते. मोटर माळ्यावर, पत्र्याखाली, गाडीच्या डिकीत ठेवायची नाही.

बांधणी

सामान फार नाही. धारदार कटर, स्टीलची पट्टी, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिशपेपर, फेविकॉल, थोडं फेविक्विक, सेलोटेप, आणि दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा. नव्या पेठेत फिरलात तर तासाभरात सगळं मिळतं. बाल्सा मात्र मला इथे कधी मिळाला नाही, जादा फळ्या पुण्या-मुंबईहून मागवाव्या लागतात. म्हणून कापताना दोनदा मोजा. सुताच्या कोनाच्या आतली कागदी नळी फुकट मिळते, ती वापरायचा मोह आमच्या जॉबरला झाला होता. नळी झकास, पण एकटीच अख्ख्या ग्लायडरपेक्षा जड भरली.

पहिल्या संध्याकाळी काहीही चिकटवू नका. दोन्ही पंखांच्या फळ्या तोला. एक जड निघाली तर ती कोणती ते पेन्सिलीने लिहून ठेवा, घासताना तिच्यातून जास्त उतरवायचंय. फळी डोळ्यासमोर आडवी धरून बघा, पिळलेली असेल तर बदला. पिळलेला पंख नंतर कशानेच सरळ होत नाही, झाला असं वाटतं फक्त. फळीच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात. आडव्या पडल्या तर पहिल्याच उड्डाणात पंख टोस्टसारखा मोडतो.

मग घासणं. कंटाळवाणं काम, पण ग्लायडर इथेच घडतो. पुढची कड गोल, पुढून एक तृतीयांशावर सर्वांत जाड, तिथून मागे निमुळता होत कागदाएवढा पातळ. खालची बाजू सपाट. पॉलिशपेपर ठोकळ्याला गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात. अधूनमधून दोन्ही पंख काट्यावर ठेवा. दोघांत दशांश ग्रॅमचा फरक उरला की पुरे.

पंख मधोमध चिकटवताना उथळ व्हीचा आकार द्यायचा असतो. एक पंख टेबलावर सपाट, दुसऱ्याच्या टोकाखाली ठोकळा, उंची किटच्या आराखड्याप्रमाणे. हा बाक असला की ग्लायडर एका अंगावर कलला तरी आपला आपण सावरतो. सांध्याला आधी फेविकॉलचा पातळ हात द्या, सुकू द्या, मग पुन्हा लावून जोडा. बाल्सा पहिला हात पिऊन टाकतो, धरतो तो दुसरा. रात्रभर हलवू नका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तासाभरात सुकल्यासारखं वाटतं, पण आत ओलं असतं.

शेपटीचा आडवा पंख दांडीवर बरोबर काटकोनात बसवा. उभा पंख मात्र दांडीच्या खाली लावायचा. कागदावर तसं काढलेलं असूनही तो ‘उलटा छापलाय’ म्हणून वर लावणारे दोन जण मी पाहिलेत. पॉड वरच्या अंगाला आहे, त्याच्या मोटरीची झळ आणि मागे येणारा बूस्टर, दोघांनाही दांडीच्या वरची वाट मोकळी हवी. त्याच कारणाने बूस्टरला खालच्या बाजूला पंख नसतो.

पॉडचा आकडा ही सगळ्यांत नाजूक जागा. वर जाताना पॉड ग्लायडरला पुढे ढकलतो, तेव्हा आकडा घट्ट बसतो. बार झाला की पॉड मागे सरकतो, तेव्हा तो अलगद निसटला पाहिजे. कसोटी सोपी आहे. ग्लायडर हातात उभा धरा, नाक वर, शेपूट खाली. पॉड आपल्या वजनाने घसरून सुटला पाहिजे. चिकटून राहिला तर खाच ४०० नंबरने घासा आणि पेन्सिलीचं शिसं चोळा. डावीकडे-उजवीकडे डुलत असेल तर खाच सैल आहे, पातळ कागदाची पट्टी चिकटवून भरून काढा. या एका खाचेवर मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आणि बायकोने जेवायला दोनदा हाक मारली.

बूस्टरबद्दल दोनच गोष्टी. यान उडताना ज्या सळईवरून सरकत वर जातं, तिच्यात अडकणारी त्याची आणि पॉडची बारीक नळी एका रेषेत हवी, चिकटवण्याआधी दोन्हींतून सळई घालून बघा. आणि तो भडक रंगवा, केशरी किंवा गुलाबी, काळ्या मातीत दुसरं काही दिसत नाही. ग्लायडरला रंग लावू नका. रंगालाही वजन असतं. पंखाखाली मार्करने दोन पट्टे ओढले की बास.

हाताने फेकणं

मोटर लागायच्या आधी ग्लायडर हाताने निदान शंभरदा फेकलेला असावा. अतिशयोक्ती वाटेल, पण आमच्या बाई पोरांकडून खडूने भिंतीवर रेघा ओढून घेतात, शंभर भरल्याशिवाय पुढे नाही.

सकाळी वारा नसताना, गवत किंवा मऊ माती असलेल्या मैदानावर, पॉड न लावता. खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली, भाला नव्हे तर कागदी विमान सोडावं तसा. जोर लावायचा नाही. सात-आठ मीटरवर सरळ, शांतपणे टेकला तर जमलं.

नाक वर करून थबकला आणि मग खाली कोसळला, तर शेपटीकडे वजन जास्त आहे. नाकाला हरभऱ्याएवढी माती लावा. खेळायची रंगीत माती चालते. नुसताच खाली शिरला तर माती काढा. एका वेळी एवढीशी, मग तीन फेकी, मग पुन्हा. इथे एक आडवाट दिसते ती टाळा. शेपटीच्या पंखाची मागची कड वर वाकवूनही ग्लायडरचं नाक उचलता येतं आणि हाताने फेकताना ते छान दिसतं. पण कडेचा तो वाक वेगाबरोबर जोर धरतो. मोटरीच्या वेगात तोच वाक अख्ख्या यानाला उलटी गिरकी मारायला लावतो. म्हणून तोल मातीने साधा, वाक मिलिमीटरभर, तोही अगदी शेवटी, तोंडाची वाफ देऊन.

सरळ जाणारा ग्लायडर खरं तर नको. सरळ गेला की तो शेजारच्या शिवारात. डाव्या पंखाच्या टोकाला मुगाएवढी माती लावली की तो रुंद वर्तुळात फिरत उतरतो. वर्तुळ आवळत चाललं आणि नाक खाली जायला लागलं तर माती जास्त झाली.

हाताने जमलं की गलोल. नाकाखाली तारेचा छोटा आकडा, काडीला बांधलेलं फूटभर रबर, पंख थोडे तिरपे धरून आकाशाकडे सोडायचा. वीस-पंचवीस मीटर वर जातो. वेगात तो कसा वागतो हे इथे पहिल्यांदा कळतं. मोटर मिळत नसेल तर इथवरचा खेळही वर्षभर पुरतो.

गोफणीची परीक्षा

आता पूर्ण यान जोडा. दोन्ही मोटरी आत, पेटवण्याची तार न लावता. बोटावर तोलून तोलाची जागा शोधा, तिथे दोरा बांधा आणि चिकटपट्टीने पक्का करा. दोन-अडीच मीटर दोर सोडून, राखणदार पाखरांवर गोफण फिरवतो तसं डोक्यावर हळूहळू फिरवा. नाक पुढे धरून फिरलं तर यान सरळ जाईल. आडवं झालं किंवा शेपूट पुढे आली तर तोल मागे आहे. पॉडच्या नाकात माती भरा आणि पुन्हा फिरवा.

पॉडच्याच नाकात, ग्लायडरच्या नव्हे. पॉड वर सुटणार आहे, त्यातली माती त्याच्यासोबत जाईल आणि शंभर फेकींनी साधलेला ग्लायडरचा तोल तसाच राहील. सुरुवातीला सांगितलेला प्रश्न इथे कामी येतो.

मग बूस्टर काढून वरचा टप्पा एकटा फिरवा. तोही नाक पुढे ठेवून फिरला पाहिजे. उलट एकटा बूस्टर गडगडला तर उत्तम, त्याने तसंच गडगडत खाली यायचंय. त्याला ना झिरमिळी ना छत्री.

रान आणि वेळ

२०२५ पासून होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडतात, त्यामुळे शहराच्या त्या बाजूचा विचारही नको. आम्ही विमानतळापासून बारा किलोमीटरच्या आत काही उडवत नाही. नान्नजकडचा माळ मोकळा दिसतो, पण तिथे १९७९ पासून माळढोकचं अभयारण्य आहे, आणि सुकं गवत म्हणजे ठिणगीची वाटच बघत असतं. आम्ही विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे जातो, ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात, विचारून.

मोकळी जागा किती, याचं माप ठरलेलं आहे. दोन्ही मोटरींची ताकद मिळून सीपर्यंत असेल तर किमान १२० मीटर लांब-रुंद, डीपर्यंत गेली तर १५०. वर विजेच्या तारा नकोत. तारेवर अडकलेलं यान काढायला जायचं नाही, कितीही खर्च झालेला असो.

हंगाम म्हणाल तर ज्वारी निघाल्यावर नांगरट झालेलं रान सगळ्यात चांगलं. काळी ढेकळं मऊ असतात आणि पेटायला काही नसतं. नुसती धसकटं असतील तर नको. पहिल्या वर्षी आम्ही धसकटाच्या रानात सळई रोवत होतो, तेवढ्यात मालक आले.

“काय सोडायलाव रे पोरांनो?”

“मामा, खेळण्यातलं रॉकेट आहे. ग्लायडर सुटतो त्यातून.”

मामांनी बांधावरच्या कडब्याच्या गंजीकडे बोट दाखवलं. “आणि त्याला लागलं तर? माझी चार जनावरं काय तुमचं ग्लायडर खाणार?”

त्यांनीच आम्हाला पलीकडच्या नांगरटीत नेलं, विहिरीवरून दोन घागरी पाणी आणि ओली पोती आणून ठेवली आणि मग तासभर बसून बघितलं. तेव्हापासून पाणी आणि ओली पोती आमच्या यादीत सर्वांत वर असतात.

वेळ सूर्योदयानंतरची, साडेनऊपर्यंत. त्यानंतर वारा उठतो. मॉडेल रॉकेटच्या नियमाप्रमाणे ताशी ३२ किलोमीटर वाऱ्याच्या वर उडवायचं नाही, पण ग्लायडरला त्याचा तिसरा हिस्साही जास्त होतो. मोठे पंख वाऱ्याच्या दिशेला तोंड फिरवतात, आणि बूस्टर सुटेपर्यंत यान कललेलं असेल तर दुसरी मोटर त्याला त्याच कललेल्या दिशेने रेटते. जून ते ऑगस्ट आम्ही काही उडवत नाही.

उडवण्याचा दिवस

पहिलं काम मोटरी जोडणं. मी हे जमिनीवर चादर पसरून, एकट्याने, कुणाशी न बोलता करतो. दोन्ही मोटरी कोरड्या फडक्याने पुसायच्या. वरच्या मोटरीचं मातीचं तोंड, म्हणजे ज्यातून ज्वाळा निघते ते, बूस्टरच्या उघड्या दारूच्या बाजूला टेकवायचं. दोन्ही एका रेषेत, मधे कागदाएवढीही फट नको. सांध्यावरून सेलोटेपचा एकच वेढा घट्ट ओढून घ्यायचा आणि नखाने दाबायचा.

हा वेढा माझ्याकडून एकदा राहिला. बूस्टर छान गेला, पण जळून संपताना आतला दाब वाढला आणि त्याने वरची मोटर पेटायच्या आधीच दोन्ही टप्पे अलग ढकलले. वरची मोटर थंडच राहिली, म्हणून बार नाही, म्हणून पॉड सुटला नाही. नाकात वजन असलेलं ते यान सरळ खाली आलं आणि ढेकळांत चार बोटं रुतलं. त्या दिवशी सगळे लांब उभे होते म्हणून हे हसून सांगतोय.

वरची मोटर पॉडमध्ये घट्ट बसली पाहिजे, नाहीतर बार नाक उडवण्याऐवजी मोटरच मागे फेकतो. सैल असेल तर मोटरीला टेपचे वेढे देऊन जाडी वाढवा. पॉडमध्ये मोटरीच्या पुढे न जळणारा कागद तीन-चार चोळामोळा गोळे करून, ठासून नव्हे, मग झिरमिळी गुंडाळून, मग नाक. नाक ओढल्यावर सहज निघालं पाहिजे.

पेटवण्याची तार फक्त बूस्टरला. तिचं टोक दारूला टेकेपर्यंत आत घालून प्लगने धरायचं. वरच्या मोटरीला तार लावायची नाही.

सळई मीटरभर लांब, तीन मिलिमीटर जाडीची, उभी किंवा वाऱ्याकडे किंचित कललेली, तिशीच्या कोनाच्या आत. खाली पत्र्याची तिरकी तबकडी, तिच्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा. सळईच्या टोकाला रंगीत टोपण, उडवण्याआधीच काढायचं. टोपण नसलं की वाकून बघताना डोळ्यात सळई जाते. पंख सळईला किंवा वायरच्या चिमट्यांना कुठे अडत नाहीत ना, ते हाताने यान वर सरकवून बघा.

वीज नेहमी बॅटरीतून, लांब वायरने. काडेपेटी आणि वात वर्ज्य. बटणाच्या डब्याची किल्ली उडवणाऱ्याच्या गळ्यात, तो सळईपाशी गेला की किल्लीही त्याच्यासोबत. डीपर्यंतच्या मोटरीला पाच मीटर अंतर पुरेसं मानतात, दोन टप्पे असले की आम्ही दहा ठेवतो आणि बघे त्याहून मागे, सगळे उभे, कुणी खाली बसलेलं नाही. पाचापासून उलटे आकडे मोठ्याने. पेटलं नाही तर किल्ली काढा, पूर्ण एक मिनिट थांबा, मग एकट्यानेच जवळ जा. बहुतेक वेळा तार सरकलेली असते.

डोळ्यांची वाटणी आधी करा. एकाने फक्त बूस्टर बघायचा, एकाने पॉड, दोघांनी ग्लायडर. सगळेच वर बघत राहिले की बूस्टर जातो तो जातोच.

काय बिघडतं

पहिल्या दहा उड्डाणांत तीन गोष्टी हमखास दिसतील. सुटल्याबरोबर गिरकी मारली, तर शेपटीचा वाक जास्त आहे किंवा पॉड ग्लायडरशी समांतर बसलेला नाही. पॉड सुटला पण त्याची झिरमिळी ग्लायडरच्या शेपटीत गुरफटून दोघं मिळून भिरभिरत आले, तर झिरमिळीचा दोरा आखूड करा. या प्रकाराला या छंदात ‘रेड बॅरन’ म्हणतात, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकाच्या नावावरून. आमची पोरं त्याला नुसतं ‘गुंता’ म्हणतात. आणि बार माथ्याच्या खूप नंतर, यान खाली धावत असताना झाला, तर पंख मोडून येतील. पुढच्या वेळी कमी विलंबाची मोटर.

मोडलेला पंख टाकू नका. बाल्सा सरळ तुटतो, रानातच फेविक्विकने जुळतो, फक्त नंतर शंभर नाही तरी दहा फेकी पुन्हा. वापरलेल्या मोटरी मोजून परत न्यायच्या. दोन गेल्या तर दोन परत आल्या पाहिजेत.

चौथी गोष्ट मार्चअखेर घडते, आणि तिला बिघाड म्हणवत नाही. नऊनंतर तापलेल्या रानावरून गरम हवा वर चढायला लागते. घारी पंख न हलवता घिरट्या घालताना दिसल्या की समजा. त्या हवेत सापडलेला ग्लायडर उतरतच नाही. आमच्या गटातल्या एका मुलीचा असा गेला. आधी वर्तुळात फिरत राहिला, मग लहान होत ठिपका झाला, मग ठिपकाही नाही. ती रडली नाही, पण परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी तिच्या वडिलांना फोन आला, दोन गावं पलीकडून. “तुमचं पाखरू आमच्या बोअरच्या पायपावर बसलंय. पंखावर नंबर हाय, शेवटचा आकडा पुसलाय, तिसऱ्यांदा लावलेला हा लागला.”

नंबर बॉलपेनने लिहा. स्केचपेनचा दवाने पसरतो.